शिष्यवृत्तीधारक भीमराव रामजी आंबेडकर

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी तुमसरला सेतू केंद्राच्या बाकावर बसलो होतो. सोबत आपल्या गावची एक मुलगी होती, बारावी सायन्स झालेली. तिच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकीचे छापून आले होते. समितीला बाबासाहेबांच्या जीवनावर लेख हवा होता. त्यांच्यावर लिहिणारी मोठमोठी विद्वान माणसे आहेत, मी काय लिहिणार, असे म्हणून मी टाळले. पण एसटीने आंबागडला परतताना, किल्ल्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा वाटले, त्यांच्या आयुष्याची एक बाजू आपल्याला थोडीफार कळते. निवृत्तीनंतरची माझी सगळी वर्षे पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज भरण्यात गेली. आणि बाबासाहेब हे घटनेचे शिल्पकार होण्याच्या कितीतरी आधी एक अर्जदार होते.

आपल्या बॅचमधले बरेच जण मॅट्रिकच्या पुढे शिकले ते भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. कोणाचे वडील चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजरुकच्या मॅंगनीज खाणीत, कोणाची माय रात्री कंदिलापुढे विड्या वळणारी, कोणाच्या घरी दोन बांध्या धानाच्या. कॉलेजच्या फीचे नाव काढले की घरात बोलणे बंद व्हायचे. त्या शिष्यवृत्तीला आपण जीओआय म्हणायचो. ती कोणी सुरू केली, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले नाही. मीही नाही. माझा पहिल्या वर्षाचा अर्ज एका कार्यालयाच्या टेबलात पडून राहिला आणि पैसे परीक्षा झाल्यावर आले. खाणावळीचे देणे राहिले म्हणून त्या वर्षी मी सरकारला भरपूर शिव्या दिल्या. पण ती योजना आली कुठून, ते पुष्कळ वर्षांनी वाचले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब दापोली, सातारा करत मुंबईला आले. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच पीत असे, हे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्या मानाने पुढचे कमी सांगितले जाते. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळे घर. थोरल्या भावाने शाळा सोडून नोकरी धरली, कारण दोघांचे शिक्षण झेपणारे नव्हते. धाकट्याला पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत आणि सावकाराकडे ठेवत. पेन्शन आली की सोडवून परत देत. ही पहिली शिष्यवृत्ती म्हणायला हरकत नाही. ती बहिणींनी दिली.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. मार्क ७५० पैकी २८२. मी हा आकडा मुद्दाम पोरांना सांगतो, कारण आज ऐंशी टक्के मिळालेला मुलगाही आपले काही होणार नाही म्हणून घरी बसतो. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला ही तेव्हा बातमी होती. सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. केळुसकर गुरुजी त्याला आधीपासून ओळखत होते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा एकटाच वाचत बसतो हे त्यांनी पाहिले होते, चौकशी केली होती, काय वाचावे ते सांगितले होते.

कॉलेजची इंटरची परीक्षा झाली आणि रामजींचे पैसे संपले. इथे पुन्हा केळुसकर आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एका सभेत लायक अस्पृश्य विद्यार्थ्यांना मदत करण्याचा शब्द दिला होता. केळुसकर या मुलाला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे पटली, आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. त्या पैशावर भीमराव १९१२ साली बी.ए. झाले.

या प्रसंगाशी मी नेहमी थांबतो. मुलगा हुशार होता हे खरे, महाराज उदार होते हेही खरे. पण या दोघांच्या मध्ये एक मास्तर नसता तर? त्या बागेत संध्याकाळी वाचणारी आणखी किती मुले असतील, ज्यांच्यापर्यंत कोणी केळुसकर पोचला नाही? तेव्हा मदत मिळायची ती ओळखीने आणि कृपेने. अर्जाचा नमुना नव्हता, शेवटची तारीख नव्हती, नाकारले तर दाद मागायची सोय नव्हती.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. घरात रमाबाई, काही आठवड्यांचा यशवंत, भावाचे कुटुंब. बडोद्याला परत जाण्याचे मन नव्हते. अशा वेळी सयाजीराव मुंबईत आले असता भीमराव त्यांना भेटले. काही विद्यार्थी अमेरिकेला उच्च शिक्षणासाठी पाठवायचे महाराजांच्या मनात होते. त्यांनी अर्ज करायला सांगितले. अर्ज मंजूर झाला आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यात शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही झाली.

तो करार नीट पाहण्यासारखा आहे. दरमहा साडेअकरा पौंड. मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६, म्हणजे बरोबर तीन वर्षे. ठरवून दिलेले विषय शिकायचे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. आजच्या भाषेत बॉंड. बाविशीतल्या, नुकत्याच पोरक्या झालेल्या तरुणाने त्यावर सही केली आणि जुलैमध्ये न्यूयॉर्क गाठले.

कोलंबिया विद्यापीठात पहिले काही महिने गावाकडच्या कोणत्याही मुलाचे शहरात जातात तसेच गेले. मित्र, नाटक, खेळ. मग एका रात्री आपण कशाला आलो आहोत याची आठवण झाली, आणि नंतर त्यांनी मान वर केली नाही. पदवीसाठी लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त विषय घेतले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. सेलिग्मन, जॉन ड्युई असे शिक्षक. १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध, त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी प्रबंध. साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते, म्हणून जेवणाला कात्री. आणि वाचवलेल्या पैशांची जुनी पुस्तके. वसतिगृहात राहिलेल्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

मुदत संपली. त्यांनी वाढ मागितली, कारण लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्ही करायची होती. एका वर्षाची वाढ मिळाली. ऑक्टोबर १९१६ मध्ये ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन ठिकाणी नाव घातले. वर्ष संपताच बडोद्याहून बोलावणे आले, आता शिष्यवृत्ती बंद, परत या. अभ्यास अर्धा. लंडन विद्यापीठाने चार वर्षांत परत येऊन पुरा करण्याची सवलत दिली एवढीच जमेची बाजू. महायुद्ध चालू होते. स्वतः ते सुखरूप आले, ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला उतरले, पण त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती पाणतीराने बुडाली. पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

कारण करार होता. सही केली होती.

बडोद्याला स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी उतारगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. परदेशातून दोन विद्यापीठांत शिकून आलेला हा अधिकारी, आणि कचेरीत त्याला प्यायला पाणी मिळत नव्हते. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे उतारगृहावर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनी अडचण सांगितली. तो दिवस त्यांनी कामाठी बागेत झाडाखाली काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले. ते आठवताना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नसे, असे त्यांनीच नमूद केले आहे.

मला इथे एक अडचण वाटते ती लपवत नाही. दहा वर्षांचा करार त्यांनी पुरा केला नाही. बडोदा दरबारने पुढे पैशांची मागणीही केली होती, ती वसुली शेवटी झाली नाही. कधी कधी एखादा पोरगा बॉंड मोडण्यासाठी हा दाखला देतो. मी त्याला म्हणतो, बाबा, आधी सांग, तुला कोणी प्यायला पाणी नाकारले का? ज्याने शिष्यवृत्ती दिली त्याच्या राज्यात घेणाऱ्याला छप्पर मिळाले नाही. महाराजांची इच्छा एक होती आणि त्यांच्याच कचेरीतल्या शिपायाचा धर्म दुसरा. सयाजीरावांबद्दल बाबासाहेबांच्या मनात कटुता राहिली नाही. १९२५ साली प्रांतिक अर्थकारणावरचा त्यांचा ग्रंथ छापून निघाला तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. कोलंबियाची पीएच.डी. त्याच ग्रंथावर मिळाली.

अर्धे राहिलेले शिक्षण डोक्यातून जाईना. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या कोलंबियापासूनच्या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. बडोद्यात पारश्यांच्या उतारगृहातून बाहेर काढलेल्या माणसाच्या पाठीशी पुन्हा एक पारशीच उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी वाचनालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेला अभ्यास बचत, मदत आणि उधारी मिळून असा पुरा झाला.

मधली वर्षे आपल्याला तोंडपाठ आहेत. महाड, काळाराम, गोलमेज परिषद, पुणे करार. ती मी इथे लिहीत नाही. फक्त एवढे सांगतो की १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते.

मला जे सांगायचे आहे ते १९४२ सालचे. त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरअखेर, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक लांबलचक निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. त्यात शिक्षणाचा भाग मोठा होता. वकील आणि कारकून होण्यापुरते शिक्षण आमची मुले कशीबशी घेतात, पण विज्ञान आणि तंत्रशिक्षणाचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि पुढची सत्ता त्याच शिक्षणात आहे, असा त्यांचा मुद्दा. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला काय देते, हा त्यांचा सवाल होता. सरकारने दरसाल तीन लाख रुपये मंजूर केले. त्यातून काही विद्यार्थी परदेशी गेले, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना उभी राहिली. पुढे ती आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांपर्यंत गेली. आपली जीओआय ती हीच.

२५ रुपयांसाठी महाराजांच्या पुढे उभ्या राहिलेल्या मुलाने अशी व्यवस्था मिळवली की पुढच्या मुलाला महाराज ठाऊक असायची गरज नाही. त्याने नियमात बसावे, कागद जोडावेत, तारीख पाळावी. टेबलात अर्ज पडून राहिला म्हणून मी ज्या सरकारला शिव्या दिल्या, तो अर्ज करता आला हीच मुळात नवी गोष्ट होती. केळुसकरांनी ज्याच्यासाठी खटपट केली त्याला असा छापील कागद कोणी दिला नव्हता.

यानंतर त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. मंत्रिपद, घटना, हिंदू कोड बिल आणि राजीनामा हे सगळे याच काळातले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट, जी नव्या पिढीला फारशी माहीत नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून हरले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मे महिन्याचा सुरुवातीचा काळ, म्हणजे इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसे पहाटे जंगलात आणि दुपारी फडीवर. प्रकृती साथ देत नसताना त्या उन्हात या माणसाने जिल्ह्यात सभा घेतल्या. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून जास्त मतांनी हरले.

ज्यांच्या योजनेवर या जिल्ह्यातली पोरे शिकू लागली होती, त्यांना या जिल्ह्याने परत पाठवले. मी लहानपणी म्हाताऱ्यांना या निवडणुकीबद्दल बोलताना ऐकले आहे. कोणी म्हणे दुसरे मत कुजवले असते तर निकाल वेगळा लागता, पण मत वाया घालवायला बाबासाहेबांनीच नकार दिला होता. कोणी काही म्हणे. एक म्हातारे गृहस्थ मात्र हा विषय निघाला की उठून जायचे. त्यांनी कोणाला मत दिले होते ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही.

मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी एक दुःख उघड बोलून दाखवले. समाजातली मुले शिकली की समाजाला हात देतील असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात शिकलेले लोक नोकरीला लागले, आपापली पोटे भरू लागले आणि मागे वळून पाहिनासे झाले, असे ते म्हणाले. ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत ते गेले.

आग्र्याचे ते भाषण मी नोकरीत असताना, पुलगावच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर घेतलेल्या एका पुस्तिकेत वाचले. तेव्हा मी बावीस वर्षांत आपल्या शाळेत एकदाही आलो नव्हतो. वडील गेल्यावर घर विकायला आलो, तेवढेच.

त्या मुलीच्या दाखल्यावरचे नाव तिसऱ्या खेपेला दुरुस्त झाले. अर्ज आता महाडीबीटीवर भरावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते, आणि बारावीनंतर एखादे वर्ष घरी गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणारी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही राज्य सरकारची आहे, वर्षाला ७५ जागांची. आंबागडच्या एकाही पोराने तिचा अर्ज माझ्याकडून भरून घेतलेला नाही. तिचे नावच माहीत नसते. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मी दहावी अ च्या खोलीत बसणार आहे. लॅपटॉप एक आहे, आणखी कोणी आणला तर काम लवकर होईल. आपल्यापैकी जे तहसीलमध्ये, बँकेत किंवा कॉलेजच्या ऑफिसात होते, त्यांनी तासभर सोबत बसावे. पोरांना टीसी, मार्कशीट, जातीचा आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुक घेऊन यायला सांगितले आहे.